बारा जणींचे अडीच हजार

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका उद्योजिकेचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून त्यातला मजकूर थोडक्यात असा:

'आमचा मसाल्याचा कारखाना सासऱ्यांनी उभा केला. ते गेल्यापासून मी आणि माझे दीर मिळून तो चालवतो. एकतीस जण कामाला आहेत. पॅकिंगवर बारा बायका आणि पाच पुरुष, मिरची निवडायला सात बायका, बाकीचे पुरुष भट्टी, ग्राइंडर आणि गोदामात. महिन्याला साधारण आठ टन माल निघतो. यंदा मुलीने पगाराचा हिशेब वहीतून कॉम्प्युटरवर घेतला, तेव्हा दिसलं की पॅकिंगमधल्या पुरुषांना बायकांपेक्षा महिन्याला अडीच हजार रुपये जास्त मिळतात. सासऱ्यांच्या काळापासून तसंच चालू आहे. पुरुष पोती उचलतात, सीझनला उशिरापर्यंत थांबतात, शिवाय घर त्यांच्याच पगारावर चालतं, असं आम्ही धरून चाललो. गेल्या महिन्यात चौदा वर्षं जुन्या एका बाईने मला विचारलं, "ताई, त्या पोराले काम म्याच शिकवलं, मंग त्याचा पगार माह्याहून जास्त कसा?" मला उत्तर देता आलं नाही. आता तर नवे कामगार कायदे आले आहेत. आमचे लेबर कन्सल्टंट म्हणतात, पुरुषांचं पद "मशीन असिस्टंट" करा, बायकांचं "हेल्पर" राहू द्या, म्हणजे कागद स्वच्छ. दीर म्हणतात, पगार सारखे केले तर कारखाना बसेल, आणि पुरुष चिडून बुटीबोरीच्या कारखान्यांत निघून जातील. आमच्याकडे सगळे घरच्यासारखे आहेत हो. दिवाळीला साडी, मुलांची फी, लग्नाला उचल, सगळं करतो. मग मी चुकते कुठे, आणि सुरुवात कुठून करू?'

ताई,

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एकाच कामासाठी बाईला कमी आणि पुरुषाला जास्त पगार द्यायचा नाही, हा नियम नवा नाही. आपल्याकडे समान वेतनाचा कायदा १९७६ मध्ये झाला. संविधानाच्या अनुच्छेद ३९ मध्ये तर स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन हे तत्त्व पहिल्यापासून लिहिलेलं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या वेतन संहितेने हा १९७६ चा कायदा, किमान वेतनाचा १९४८ चा, वेतन चुकतं करण्याचा १९३६ चा आणि बोनसचा १९६५ चा, असे चार कायदे एकत्र आणले. म्हणजे तुमच्या सासऱ्यांच्या काळातही ही तफावत कायद्यात बसत नव्हती, फक्त कुणी विचारलं नव्हतं. तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. 'नवा नियम आला, यातून वाट कशी काढू' असं वाटलं की माणूस पळवाट सुचवणाऱ्याकडे जातो. 'जुनं देणं राहिलंय, ते कसं फेडू' असं वाटलं की तोच माणूस हिशेब मांडायला बसतो. तुम्ही हिशेब मांडावा, असं मला मनापासून वाटतं.

आता तुमची तीन कारणं एकेक करून बघू. तुमच्यासारख्या कितीतरी चांगल्या मनाच्या मालकांच्या तोंडी हीच तीन कारणं असतात.

पुरुष पोती उचलतात. बरं, दिवसातून किती वेळ? वेतन संहितेत 'समान किंवा त्याच स्वरूपाचं काम' म्हणजे काय ते सांगितलेलं आहे: कामाला लागणारं कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी सारखी असेल, आणि कामाची परिस्थितीही सारखी असेल, तर वेतन सारखं. या चार शब्दांचा कागद हातात घेऊन एक अख्खा दिवस पॅकिंग हॉलमध्ये उभ्या राहा. ऑफिसच्या काचेतून दिसतं त्यावर जाऊ नका. दर अर्ध्या तासाने कोण काय करतंय ते लिहा. माल गाडीत चढवायची वेळ सोडली तर पाच पुरुष आणि बारा बायका एकाच टेबलावर, एकाच सीलिंग मशीनवर तेच काम करताना दिसतील, अशी माझी अटकळ आहे. तसं असेल, तर त्या चढवण्या-उतरवण्यासाठी वेगळा भत्ता ठेवा आणि जो कुणी ते काम करेल त्याला द्या. तो भत्ता कामाला चिकटलेला असू द्या, पुरुष असण्याला नको. त्याहून चांगलं म्हणजे दोन ट्रॉल्या घ्या. पाठीवर पोतं घेऊन कुणाचीच कंबर मोडायला नको.

श्रम म्हणजे फक्त वजन उचलणं, ही समजूतही जरा तपासून बघा. भिवापुरी मिरचीचं तिखट पाकिटात भरताना हवेत जे उडतं, त्यात आठ तास उभं राहणं हे श्रमच आहेत. जबाबदारीचंही तसंच. शंभर ग्रॅमच्या पाकिटात नव्वद ग्रॅम माल गेला तर वजन-मापं तपासणारे वैध मापनवाले तुम्हाला जाब विचारतात, एकशे चार गेला तर नफा गळतो. तो काटा कुणाच्या हातात असतो? बॅच नंबर आणि तारखेचा शिक्का कोण तपासतं? या गोष्टी लिहून काढल्या की 'हलकं काम' आणि 'जड काम' ही आपल्या मनातली विभागणी बरीचशी ढासळते.

पुरुष उशिरापर्यंत थांबतात. जादा वेळेचा मोबदला कायद्याने वेगळा आणि नेहमीच्या दराच्या दुप्पट द्यायचा असतो. तो दिला की हिशेब पूर्ण झाला. त्यासाठी मूळ पगार जास्त ठेवण्याचं कारणच उरत नाही. तुम्ही सीझनला सरसकट काही रक्कम हातावर ठेवत असाल, तर ते आधी बंद करून तासांची नोंद सुरू करा. आणि एक विचारते, उन्हाळी मसाल्याच्या दिवसांत थांबाल का, असं या बारा जणींना कधी कुणी विचारलं होतं का? 'त्यांना घरी स्वयंपाक असतो' हे बहुतेक वेळा सुपरवायझरने स्वतःच ठरवून टाकलेलं असतं. वानाडोंगरी, डिगडोह, जयताळ्यापर्यंत सोडायला गाडी आहे म्हटलं तर किती जणी हो म्हणतात ते बघा. काही जणी नाही म्हणतील. त्याने त्यांच्या दिवसभराच्या कामाची किंमत कमी होत नाही.

तिसरं कारण मला सगळ्यात जास्त बोचतं: घर पुरुषांच्या पगारावर चालतं. तुमच्या बारा जणींपैकी किती जणींच्या घरात त्यांचाच पगार पहिला आणि कधी कधी एकमेव आहे, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता, कारण मुलांच्या फीसाठी त्या तुमच्याकडेच येतात. पण समजा, बाराही जणींचे नवरे चांगलं कमावतात. तरीही काय? पॅकिंगमधल्या अविवाहित पोराचा पगार तुम्ही 'याच्यावर कुणी अवलंबून नाही' म्हणून कापत नाही ना? मिरची तुम्ही ज्या भावाने घेता तो भाव अडत्याच्या घरी खाणारी तोंडं किती यावर ठरत नाही. मग फक्त बाईच्या हातचं काम मोजताना तिचं घर मध्ये का आणायचं?

यातून मी तुमच्या 'घरच्यासारखे' या शब्दाकडे येते. तुमची माया खरी आहे याबद्दल मला शंका नाही. पण साडी, फी आणि उचल या गोष्टी मालकाच्या मर्जीने मिळतात आणि त्यासाठी मागावं लागतं. पगार मागावा लागत नाही. चौदा वर्षं ती बाई दरमहा अडीच हजार कमी घेत होती आणि लग्नाला उचल मिळाली म्हणून तुमचे उपकार मानत होती. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, पण तो प्रश्न तिने विचारला आणि तुम्ही तो टाळला नाही, मला पत्र लिहिलंत. तुमच्यासारख्या मालकिणीकडूनच हे बदलू शकतं, म्हणून स्पष्ट लिहिते आहे. साडी द्या, जरूर द्या, पण हक्काचा पगार चुकता केल्यावर.

आपल्या नागपूरला हे परकं नाही. १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलने १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड काढला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात केली. देशात त्या भरपाईचा कायदा आला १९२३ मध्ये. त्या गिरणीचे मालकही धंदाच करत होते. पण मदत मर्जीवर न ठेवता नियमात बसवली की माणसं टिकतात, हे त्यांना कळलं होतं.

कन्सल्टंटच्या सल्ल्याबद्दल माझं मत कडक आहे: तो ऐकू नका. पदाचं नाव बदलून काम बदलत नाही, आणि तपासणी कामाचीच होते. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मॅकिनन मॅकेन्झी कंपनी आणि ऑड्री डिकॉस्टा यांचा खटला गाजला. कंपनीतल्या महिला स्टेनोग्राफरना पुरुष स्टेनोग्राफरपेक्षा कमी पगार होता. या महिला मोठ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली गोपनीय काम करतात, त्यांचा वर्गच वेगळा, असं कंपनीचं म्हणणं होतं. युनियनशी करार झाला आहे, असंही सांगितलं गेलं. न्यायालयाने दोन्ही मुद्दे मान्य केले नाहीत. आणि तुमच्या दिरांसाठी महत्त्वाचं म्हणजे, सारखा पगार द्यायची ऐपत नाही, ही सबबही न्यायालयाने चालू दिली नाही. आजच्या संहितेत ठरल्यापेक्षा कमी वेतन दिल्यास पहिल्यांदा ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पाच वर्षांच्या आत तीच चूक पुन्हा झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. खोटी पदं लिहिलेला कागद उलट तुमच्याच विरुद्ध जाईल, कारण तफावत तुम्हाला माहीत होती आणि तुम्ही ती झाकली, हे त्यातून दिसेल.

आता भाऊजींच्या काळजीकडे वळू. ती खोटी नाही. लहान कारखान्यात चार पैशांचा फरकही जाणवतो. म्हणून आकडे मांडते. बारा जणींचे अडीच हजार म्हणजे महिन्याला ३०,००० रुपये. त्यावर मालकाचा पीएफ १२ टक्के, कामगार विम्याचा म्हणजे ईएसआयचा हिस्सा ३.२५ टक्के, आणि किमान बोनस ८.३३ टक्के पूर्ण धरला तरी साधारण सात हजार वाढतात. म्हणजे ३७,००० च्या आसपास. तुमचा माल महिन्याला आठ टन, म्हणजे शंभर ग्रॅमची ऐंशी हजार पाकिटं. पाकिटामागे ४६ पैसे. मिरचीचा भाव कळमन्याच्या बाजारात एका हंगामात याहून कितीतरी जास्त हलतो आणि तो तुम्ही दरवर्षी सोसता. भाऊजींशी भावनेने बोलत बसू नका, हा कागद त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा: ४६ पैसे कुठून काढायचे? सीलिंगमध्ये फाटणारी पाकिटं, काट्यावर जाणारा जादा माल, सीझनमध्ये सोडून जाणाऱ्यांच्या जागी नवीन माणूस शिकवण्यात जाणारे दिवस, या तीन ठिकाणी आधी शोधा. तरी कमी पडले तर किमतीत घाला. हा निर्णय दोघांनी मिळून घ्या. तुम्ही एकटीने जाहीर केलात, तर उद्या तो 'वहिनींचा निर्णय' होईल आणि पुरुष कामगार दाद मागायला भाऊजींकडे जातील.

एक वाट मात्र बंद आहे, ती आत्ताच सांगून ठेवते. पुरुषांचे पगार खाली आणून सारखेपणा करता येत नाही. समान वेतनासाठी कुणाच्याही वेतनाचा दर कमी करायचा नाही, असं संहितेत स्पष्ट म्हटलेलं आहे. पुरुषांशी बोलताना पहिलं वाक्य हेच असू द्या: तुमचा एक रुपयाही कमी होणार नाही. चिडणारे कशाने चिडतात ते मग कळेल. बहुतेकांना धास्ती असते ती स्वतःचं काही जाण्याची. शेजारणीला जास्त मिळतं म्हणून बुटीबोरीचं रोजचं जाणं-येणं पत्करणारे थोडेच असतात. एखादा गेलाच तर जाऊ द्या.

पण ताई, सगळ्यांना एका आकड्यावर आणून ठेवलं की झालं, असं समजू नका. तुमच्या त्या चौदा वर्षांच्या बाईचा प्रश्न नीट वाचा. तिने शिकवलेल्या पोराएवढाच पगार तिला दिला, तर तिचं कौशल्य आणि अनुभव पुन्हा शून्यच धरला जाईल. तिला त्याच्यापेक्षा जास्त मिळायला हवं. म्हणून पॅकिंगमध्ये निदान तीन पायऱ्या करा: नवीन माणूस, सगळी मशीनं आणि काटा स्वतंत्रपणे सांभाळणारा, आणि लाइन बघून इतरांना शिकवणारा. प्रत्येक पायरीवर काय काय यायला हवं ते साध्या मराठीत लिहा, खाली हिंदीतही लिहा, कारण तुमच्याकडे छिंदवाडा-बालाघाटची माणसंही असतील. प्रत्येक पायरीचा पगार किती, वरच्या पायरीवर कधी आणि कशावरून जाता येतं, तेही लिहा आणि हजेरीच्या मशीनजवळ लावा. पगार गुपित ठेवल्याने शांतता राहते, असं अनेक मालकांना वाटतं. मला ते पटत नाही. माणसं चहाच्या टपरीवर आकडे सांगतातच, आणि मग अर्धवट माहितीवर मन खट्टू होतं. ग्राइंडर आणि भट्टीवाल्यांना उष्णता, धूळ आणि यंत्राचा धोका यासाठी जास्त पगार असेल तर तो रास्त आहे, तसाच ठेवा. फक्त त्या कामाचं प्रशिक्षण मागणाऱ्या बाईला नाही म्हणू नका.

त्या बाईला उत्तर द्यायला उशीर करू नका. तिने हिंमत करून विचारलंय, आणि महिनाभर उत्तर आलं नाही की बाकीच्या अकरा जणी त्यातून काय घ्यायचा तो अर्थ घेतात. ऑफिसात बोलवा, खुर्ची द्या, आणि सांगा की तुमचं म्हणणं बरोबर आहे, अमुक तारखेच्या पगारापासून हे बदलेल. तारीख ठरल्याशिवाय मात्र बोलू नका. 'बघू, करू' हे तिने चौदा वर्षांत पुष्कळ वेळा ऐकलं असेल.

मागच्या थकबाकीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तो विषय टाळू नका. वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. बारा जणींची तीन वर्षांची तफावत म्हणजे १०,८०,००० रुपये. ही रक्कम कुणालाही लगेच झेपणारी नाही. कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाकडे हा आकडा घेऊन जा. पदं बदलायला सांगणाऱ्या कन्सल्टंटला यात घेऊ नका. हप्त्यांत देण्याची लेखी योजना करता येईल का, ते वकिलाला विचारा. त्याच वेळी पगारपत्रकाची रचनाही तपासून घ्या. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त दाखवले असतील, तर वरचा भाग आता वेतनातच धरला जातो आणि पीएफचं गणित बदलू शकतं. दर महिन्याला प्रत्येकाला वेतनचिठ्ठी द्या आणि पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत जमा करा. उचल दिली तर त्यावर दोघांच्या सह्या, आणि कपात किती महिन्यांत तेही लिहिलेलं असू द्या. एकूण कपात वेतनाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नये.

दहा किंवा अधिक माणसं असली की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, हेही तुम्हाला सांगायला हवं. अध्यक्ष कामावरचीच ज्येष्ठ महिला, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा. ती कागदावर असेल तर तिची एक बैठक याच महिन्यात घ्या. नसेल तर आधी नेमा.

आणि मिरची निवडणाऱ्या सात जणी. त्यांच्याशी तुलना करायला तिथे पुरुषच नाही, म्हणून मुलीच्या कॉम्प्युटरवर त्यांची तफावत दिसली नसेल. पूर्व विदर्भातल्या मिरची सातऱ्यांवर, म्हणजे मिरची साफ करायच्या जागी, देठं खुडणाऱ्या बायकांना वजनावर पैसे मिळतात, तुमच्याकडेही बहुधा तसंच असेल. दर किलोला किती, हे कोणत्या साली ठरलं ते शोधा. नेहमीच्या हाताने दिवसभर काम करणाऱ्या बाईला किमान वेतन सुटेल, इतका तो दर असायलाच हवा. किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, तेव्हा हा दरही त्या त्या वेळी तपासून घ्यावा लागेल. हातमोजे, मास्क आणि हात धुवायला भरपूर पाणी त्यांना आहे का, ते उद्याच बघा. मुलीला सांगा, तक्त्यात या सात जणींसाठी वेगळा रकाना करून रोजचे किलो आणि रोजचे तास दोन्ही लिहायला लाग. महिनाभराचे आकडे हाताशी आले की मला पुन्हा लिहा, दर कसा बसवायचा ते आपण बघू.